काकाजींचा मंगळ

अकोल्याच्या लायब्ररीवाल्या काकाजींनी मला फसवलं. मी बारा वर्षांचा होतो. आकाशात अजून कोणाचंच यान गेलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. आज मी शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांचे सौदे करतो, तिथे मला कोणी फसवून दाखवावं. या माणसाने फसवलं, आणि तेही मंगळावर नेऊन.

लायब्ररी म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि टिनाची पेटी. लोक शेवटचं पान आधी वाचतात याचा काकाजींना भारी राग. म्हणून प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण ते ब्लेडने कापून, दोऱ्याने शिवून पेटीत ठेवत. ते हवं असेल तर समोर बसून तोवरची गोष्ट सांगायची. वकिलीणबाईंनाही सूट नव्हती. "आंधी गोष्ट सांगा, बाई. मंग शेवट."

मंगळावरच्या स्वारीची कादंबरी मी दोन दिवसांत संपवली आणि शेवट मागायला गेलो. काकाजींनी पेटी दोनदा उपसली, घाम पुसला आणि म्हणाले, "बस खाली. हा शेवट वाचाचा नसते, आयकाचा असते." परतीच्या यानात दोघांचीच जागा उरते. प्रोफेसर आणि त्यांची मुलगी निघतात, यानाचा मिस्त्री मागे राहतो.

"रडते का तो?" मी विचारलं.

"काऊन रडन? पहिले छप्पर बांधते."

सोळाव्या वर्षी मी अमरावतीत आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. रडू आलं की मिस्त्री आठवायचा. मग मी छप्पर शोधलं.

परवा बडनेऱ्याच्या रद्दीवाल्याकडे तीच कादंबरी अख्खी मिळाली. एका बैठकीत वाचली. माणसं पुठ्ठ्याची, प्रोफेसर पानोपानी भाषण ठोकतो. तरी धीर धरला. शेवटी काय? यानात तिघेही मावतात! हारतुरे होतात आणि मिस्त्री प्रोफेसरांचा जावई होतो!

माझं डोकं फिरलं. तडक अकोला गाठलं. काकाजी ओसरीत बसले होते, डोळे आता गेलेले. मी ओरडलो, "काकाजी, मिस्त्री तं घरी आला!"

"कोन मिस्त्री?"

मी त्यांचा शेवट त्यांनाच सांगितला. हनुवटी वर करून त्यांनी सगळा ऐकला.

"हे मी सांगतलं? मले नाही आठवत, बाप्पा. पन लय चांगलं हाय." मग पुढे सरकून म्हणाले, "छप्पर बांधलं. मंग काय केलं त्यानं?"

भांडायला गेलेला मी त्यांच्या शेजारी ओसरीवर बसलो. लिहिणाऱ्याने त्याला नवरदेव केलं, सांगणारा विसरला. माझा मिस्त्री मंगळावर एकटाच राहिला आणि दोघेही मोकळे झाले. त्याचं पुढे काय झालं, याचा जबाब मला आता कोण देणार?