दुसऱ्या कॉटवरचा पापुद्रा

आधीच सांगते, भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जाते. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, पुरावा बघितल्याशिवाय कशावर सही करत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... आणि रागही. राग भुतावर नाही, मनीषावर.

मनीषा माझी चुलत बहीण, सहा महिन्यांनी मोठी. कवठे येमाईत आमचं एकच घर, एकच चूल. मला भाकरीचा वरचा पापुद्रा आवडायचा, म्हणून ती स्वतःच्या भाकरीचा काढायची. मधे चिमूटभर मीठ, तेलाचा थेंब, चार घड्या, आणि माझ्या ताटात. रोज.

अकरावीला दोघींना दौंडजवळच्या एका निवासी शाळेत घातलं. फॉर्ममध्ये विचारलं होतं – सिंगल रूम की शेअरिंग? ओसरीवर बसून दोघींनी शेअरिंगवर खूण केली. मनीषा म्हणाली, "येमाईची शपथ, आपली दोघींचीच खोली."

शाळा उघडली त्या दिवशी यादीत तिच्या नावापुढं – सिंगल! "आप्पांनी परस्पर बदललं गं. मला कुठं माहीत हाय?" आप्पा म्हणजे तिचे वडील. मी आपलं खरं मानलं. माझ्या खोलीतली दुसरी कॉट मग रिकामीच राहिली.

दर रविवारी माझे वडील, आबा, घरच्या भाकरीचा डबा घेऊन यायचे. पहिल्याच रविवारी डबा टेबलावर ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि आबांना गेटपर्यंत सोडून आले. दुपारचे बारा, लख्ख ऊन. दार उघडलं तर दुसऱ्या कॉटवर डब्याचं झाकण, आणि झाकणात चार घड्यांचा पापुद्रा. उलगडून बघितला... मीठ, तेलाचा थेंब.

मला रडूच आलं. वाटलं, बाईसाहेबांना पश्चात्ताप झालाय, तोंड दाखवायची लाज वाटतेय. कुलूप माझं, दोन्ही किल्ल्या माझ्याच गळ्यात – हे तेव्हाही ठाऊक होतं हो! पण मला ती मनीषाच हवी होती, म्हणून डोकं चालवलंच नाही. असे सात रविवार गेले.

आठव्या रविवारी पापुद्रा हातात घेऊन तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "पुरे झाला लपंडाव. ये की माझ्याकडं राहायला."

तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. "मी न्हाई केलं हे. तुझ्या मजल्यावर मी एकदा पण आले न्हाई."

"मग कोण करणार? आपल्या घराबाहेर कुणाला माहीत हाय?"

"आईशप्पथ, मी न्हाई! आन् ऐक, आप्पांनी काय बदललं न्हाई. मीच हट्ट केला. जवा बघावं तवा तू चिकटलेली. ते पापुद्रं काढणं पण जिवावर यायचं. मला एक तरी जागा तू नसलेली पाहिजे व्हती."

परत आले आणि दुसऱ्या कॉटवर बसून तो पापुद्रा खाल्ला. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. नुसता संताप. येमाईची शपथ घेऊन माणूस इतकं सहज खोटं बोलतं?

दिवाळीनंतर रेक्टर मॅडम म्हणाल्या, "एक सिंगल रिकामी झालीय, जातेस का? नाहीतरी एकटीच राहतेस."

"नको मॅडम, शेअरिंगच राहू दे."

त्याच खोलीत दोन वर्षं काढली. एकही रविवार चुकला नाही. मेसच्या मावशींना विचारलं, आधी राहून गेलेल्या मुलींना विचारलं, काही कळलं नाही. आजही माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, पण 'भास झाला असेल' एवढं म्हणू नका, भासानं पोट भरत नाही.

परवा गावी गेले होते. जेवताना मनीषानं सगळ्यांसमोर माझ्या ताटात पापुद्रा ठेवला. मीठ, तेल, चार घड्या. सगळे कौतुकानं बघत होते. मी तो उचलून तिच्या ताटात परत ठेवला.

"राहू दे," म्हटलं. "मला देणारी दुसरी व्हती."