दिव्यातलं जादा तेल

"पेशींना शब्बाथ ठाऊक नसतो, अब्बा," असं बत्या एकदा वडिलांना म्हणाली होती. म्हणताना हसली होती.

१९९९चा उन्हाळा. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि एका विज्ञान संस्थेच्या उन्हाळी संशोधनवर्गात तिला जागा मिळाली होती. बरोबरचे निम्मे विद्यार्थी परदेशातले. प्रत्येकाला एकेक छोटं काम दिलेलं. बत्याचं काम रेशमाच्या जाळीवर माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायचं. भाजलेल्या माणसाला पुढेमागे अशी कातडी लावता येईल, एवढं तिनं घरी सांगितलं होतं. बशीच्या तळाशी जाळी, वर गुलाबी पोषक पाण्याचा पातळसा थर. ते पाणी रोज बदलायचं, नाहीतर पेशी उपाशी राहतात. उन्हाळा संपताना सगळ्यांनी उभं राहून आपापलं काम सांगायचं, आणि त्यांतल्या एकाला प्रयोगशाळा पुढे वर्षभर ठेवून घेणार होती. ती जागा बत्याला हवी होती. दुसरं काही हवंसं वाटायचं तिनं त्या वर्षी सोडून दिलं होतं.

कारण आई, हाना, पेसाहच्या सणाआधी वारली होती.

किर्यात मलाखीतल्या घरात आता एकटे वडील. बारूख नवगावकर, रेवदंड्याकडच्या गावातून तरुणपणी ह्या ज्यूंच्या देशात आलेला, साबणाच्या कारखान्यात जन्म काढलेला. शुक्रवारी सूर्य बुडला की शब्बाथ, म्हणजे शनिवारी अंधार पडेपर्यंतचा आरामाचा दिवस, लागतो; त्याच्या आत हाना दिवा लावायची. काचेचा पेला, खाली पाणी, वर तेल, तेलात वात. बारूखला तो लावता येत नव्हता असं नाही. हानाच्या जागेवर उभं राहणं त्याला जमत नव्हतं. एका शुक्रवारी संस्थेतून घरी यायची बत्याची बस चुकली, तर तो अंधारात बसून राहिला. शब्बाथ लागल्यावर काही पेटवायचं नसतं, म्हणून विजेच्या बटणालाही त्यानं हात लावला नाही. त्यानंतर बत्यानं एकही शुक्रवार चुकवला नाही.

शुक्रवारी दुपारी गेलं की शनिवारी अंधार पडेपर्यंत परतायला बस नाही. म्हणून शनिवारचं पाणी शेजारच्या टेबलावरचा ओफेक बदलायचा. "देवानं सातव्या दिवशी आराम केला," तो म्हणायचा, "कारण त्याच्याकडे ओफेक होता."

मग एका गुरुवारी ओफेकला सैन्याच्या राखीव ड्यूटीचं बोलावणं आलं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टर दानाला विचारता आलं असतं. पण मग घरातला अंधार सांगावा लागला असता. बत्यानं विचारलं नाही. तिनं घरी फोन केला.

"ह्या शुक्रवारी नाही जमणार, अब्बा. त्यांचं पाणी बदलायला कुणी नाही."

बारूख म्हणाला, "अगो, त्यांना खायाला घालायचं, येवढंच ना? मग निघताना डबल घालून ये. सण आणि शब्बाथ जोडून आले की मम्मी काय करायची? दिव्यात जादा तेल. दिवा आपला आपण जळतो. सिंपल गोष्ट हाय."

"हे तेल नाहीये, अब्बा."

"नाय तर नाय. मी आपला बसतो."

बसतो म्हणजे कुठे आणि कसा, हे तिला दिसलं. आणि अन्न जास्त असेल तर उपाशी कोण राहणार? तिला ते पटलं. किंवा तिनं पटवून घेतलं.

शुक्रवारी तिनं बश्या काठोकाठ भरल्या. घरी येऊन दिवा लावला. बारूखनं स्वतः नारळाच्या रसातली मच्छी केली होती. "घातलंस का जादा तेल?" त्यानं विचारलं. हाना गेल्यापासून पहिल्यांदाच तो चेष्टा करत होता. "बेसेदेर, अब्बा," बत्या म्हणाली. ठीक आहे सगळं.

रविवारी सकाळी बशीतलं पाणी गुलाबीच होतं. अन्न उरलं होतं. खाली सूक्ष्मदर्शकात मात्र, जाळीच्या धाग्यांवर हातपाय पसरून बसलेल्या पेशी आकसून गोल झाल्या होत्या, सुटून तरंगत होत्या. पाण्याचा थर एवढा जाड झाला होता की वरची हवा तळापर्यंत पोचलीच नाही. अन्नाखाली त्या गुदमरल्या होत्या.

नव्यानं वाढवायला उन्हाळा उरला नव्हता.

"मशीन बिघडलं," तिनं घरी सांगितलं.

"मशिनीचा काय भरवसा," बारूख म्हणाला. तो आठवडाभर त्या मशिनीला शिव्या देत होता, आणि बत्या त्याला देऊ देत होती.

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. बारूख मुंबईत शिवलेला कोट घालून मागच्या रांगेत बसला. सगळं इंग्रजीत चाललं होतं. त्याला पडद्यावरची चित्रं तेवढी दिसली: आधी तारे, मग ठिपके. दानानं विचारलं, एवढं पाणी ओतायला कुणी सांगितलं? बत्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. "कुणी नाही. मीच," ती म्हणाली. वर्षभराची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

नंतर पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. बारूख पेशींच्या बश्या उबेत ठेवायच्या विजेच्या कपाटापाशी थांबला आणि त्यावर बोटानं टकटक करून हिब्रूत म्हणाला, "हेच ना ते? ह्यानं माझ्या पोरीचा घात केला."

दाना हसली. बाई मनानं चांगली होती. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून ती सावकाश, सोप्या हिब्रूत बोलली. "मशीन बिचारं ठीक आहे. मुलगी तुमची हुशार आहे, फक्त पाणी जास्त ओतलं. त्यांना श्वास घेता आला नाही. होतं असं नवीन माणसाकडून."

बारूखचं बोट कपाटावर तसंच राहिलं.

"बत्या," तो मराठीत म्हणाला, "दिव्यासारखं भरलंस?"

दाना दोघांकडे पाहत राहिली. तिला त्यातला एकही शब्द कळला नाही.

बत्यानं पांढरा कोट काढला. खुंटीला अडकवला, घसरला, पुन्हा अडकवला. वडिलांच्या कोटाची कॉलर एका बाजूनं दुमडली होती, ती सरळ केली. मग दार ढकलून ती बाहेर निघून गेली.