बोरिवलीजवळ

माझ्या लग्नाच्या बायोडेटात वडिलांनी रंग लिहिला होता ‘गव्हाळ’, स्वभाव ‘मनमिळाऊ’ आणि पत्ता ‘बोरिवलीजवळ’. तिन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या होत्या. आम्ही राहत होतो मीरा रोडला, पूनम सागरमध्ये, आणि बोरिवली आमच्यापासून तेवढीच जवळ होती जेवढा मी मनमिळाऊ होतो.

दोन हजार तीनच्या आसपास परळची खोली विकून आम्ही इथे वन बीएचके घेतला. घर मोठं झालं आणि वडील लहान झाले. परळला एका खोलीत पाच माणसं राहायचो, सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहायचो, तरी ‘आम्ही परळचे’ हे ते छाती काढून सांगायचे. इथे स्वतःचा संडास, लिफ्ट, दोन माणसं उभी राहतील एवढी गॅलरी, पण कुठे राहता म्हणून विचारलं की त्यांचा आवाज खाली जायचा. मुंबईचा पिनकोड चारशेने सुरू होतो, आमचा चारशे एकने. त्या एकाने माणसाचं काय काय जातं, हे आमच्याकडे येऊन बघावं. वडील उत्तरासाठीच्या पाकिटावर आपला पत्ता लिहिताना तो एक असा काही गोल काढायचे की पोस्टमनने त्याला शून्य समजावं. पोस्टमन समजायचा आणि पत्र परत जायचं.

मी त्यांना हसायचो. माझ्यापुरतं म्हणाल तर मी सुशिक्षित होतो. आमच्या ऑफिसने त्याच सुमारास सगळ्या स्टाफला आत्मसन्मान वाढवण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. टायवाल्या सरांनी सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी जसा आहे तसा उत्तम आहे. मी म्हणायचो. टँकर आला नसेल तर अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून म्हणायचो. मग ऑफिसला जायचो आणि कोणी विचारलं की ‘बोरिवली’ सांगायचो. वडिलांच्या ‘जवळ’ला मी तेवढी सुधारणा केली होती.

अशात एक स्थळ आलं. मुलगी बँकेत होती, फोटोत हसत नव्हती, म्हणून मला आवडली होती. तिच्याही बायोडेटात पत्ता होता ‘बोरिवलीजवळ’. वडील हरखून गेले. म्हणाले, “बघ, आपल्यातलेच आहेत.” फोनवर दोन्ही बापांनी ठरवलं की घरी कशाला त्रास, बोरिवली स्टेशनसमोरच्या हॉटेलात रविवारी भेटू, दोघांनाही पायाखालचं. आई आली नाही. म्हणाली, “मला खोटं बोलायला जमत नाही आणि तुम्ही मला बोलू देणार नाही. तुम्हीच जा.” तिकडच्याही आईला बरं नव्हतं असं कळलं. आता वाटतं, त्यांनाही तेच झालं असावं.

त्या हॉटेलात वडिलांनी बोरिवलीबद्दल इतकं बोलून घेतलं की बोरिवलीत जन्मलेला माणूस चाट पडला असता. पार्क किती जवळ, हवा किती मोकळी, भाजी किती ताजी. तिचे वडील प्रत्येक वाक्याला “हो, ते आहेच” म्हणत होते. मसाला डोसा संपल्यावर दोघे “जरा पाय मोकळे करतो” म्हणून बाहेर गेले आणि आम्हाला दहा मिनिटं मिळाली.

ती म्हणाली, “एक आधीच सांगते. बाबांनी बोरिवलीजवळ लिहिलंय. आम्ही भाईंदरला राहतो, ईस्टला, केबिन रोडला. नंतर कळून कोणाला वाईट वाटायला नको.”

इतकं सोपं होतं ते. एवढंसं वाक्य मला आणि वडिलांना इथे आल्यापासून एकदाही जमलं नव्हतं. मला फक्त “आम्हीही तिकडचेच” म्हणायचं होतं. ती मला आवडली होती, आणि हे म्हटलं असतं तर बहुतेक आम्ही दोघे हसलो असतो आणि सगळं जमलं असतं.

मी म्हणालो, “भाईंदर? लांब पडत असेल ना?”

“सवय होते.”

“पाण्याचे हाल असतात म्हणे तिकडे.”

त्या दिवशी सकाळी मी मगाने पाणी मोजून अंघोळ केली होती. मला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, त्यात किंचित दया होती. कुणीतरी माझ्यापेक्षा एक स्टेशन पुढे राहतंय याचा मला आनंद झाला होता, हे आज लिहिताना लाज वाटते. आरशासमोर महिनाभर घोकून जे आलं नव्हतं, ते तिला एक पायरी खाली ढकलल्याबरोबर आलं. ती शांतपणे म्हणाली, “टँकर येतो. तुम्ही बोरिवलीत कुठे?” मी म्हणालो, “स्टेशनपासून जरा आत.”

रविवारचा मेगाब्लॉक होता, लोकल बंद, म्हणून परतायला बस. नमस्कार-चमत्कार करून आम्ही निरोप घेतला, गल्लीतून उगाच एक वळसा मारला आणि भाईंदरच्या बसच्या रांगेत येऊन उभे राहिलो. पुढे ते दोघे उभे होते.

“अरे, तुम्ही?” तिचे वडील म्हणाले. “आमची एक बहीण असते मीरा रोडला. म्हटलं, जाऊन येऊ.”

“आमचे साडू,” वडील म्हणाले. वडिलांना साडू नव्हता.

बसमध्ये वडिलांनी मान वाकवून कंडक्टरला हळूच सांगितलं, “दोन चेकनाका द्या.” मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुटपुटले, “उतरू आणि मागची धरू. ते पुढे जातील.” दहिसर चेकनाक्याला मुंबई संपते. तिथपर्यंत गेलं तर अब्रू शाबूत राहते, असा त्यांचा हिशेब. नाक्यावर आम्ही उतरलो. आमच्या मागोमाग तेही दोघे उतरले. त्यांनीही तीच तिकिटं काढली होती.

भर दुपारी चार माणसं हायवेच्या कडेला उभी. वडील म्हणाले, “साडूंना फोन करून बघतो,” आणि फोन कानाला लावून उभे राहिले. तिचे वडील आकाशाकडे बघत होते. कोणीच जागचं हलेना, कारण जो हलेल त्याचं घर कळणार होतं. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. ड्रायव्हरने तोंड बाहेर काढलं.

“अंकल, आज इधर? बैठो ना. पूनम सागर ना?”

वडील म्हणाले, “पहचाना नहीं भाई.”

“अरे कल शाम को तो छोड़ा आपको. सिलेंडर लेके. तीसरे माले तक मैं ही उठाके लाया, आपकी लिफ्ट बंद थी.”

बिचाऱ्या ड्रायव्हरचं तोंड उतरलं. वडिलांच्या कानाला फोन तसाच होता. तिचे वडील हसले नाहीत, उलट खालच्या मानेने चप्पल बघू लागले, कारण आता पाळी त्यांची होती.

ती माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “मीरा रोडचा मुलगा मला चालला असता.”

मी म्हणालो, “बाबांमुळे झालं ते. त्यांना कमीपणा वाटतो.”

“त्यांनी स्वतःला कमी केलं,” ती म्हणाली. “तुम्ही मला केलंत.”

मग तिने मागची रिक्षा थांबवली, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं “भाईंदर, केबिन रोड” सांगितलं आणि वडिलांचा हात धरून त्यांना आत बसवलं. आम्ही आमच्या ओळखीच्या रिक्षात बसलो. घराजवळ आल्यावर वडिलांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि माफी मागितली, हिंदीत, चुकीच्या हिंदीत, पण मनापासून. मला त्यांचं आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी नकार आला. वडील बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, “माझं चुकलं. इथे घर घ्यायला नको होतं. पत्त्यामुळे तुझं स्थळ गेलं.”

नाही, माझ्यामुळे गेलं, एवढंच मला म्हणायचं होतं. तेही सोपंच वाक्य होतं. मी म्हणालो, “जाऊ द्या बाबा, तुमचा काय दोष,” आणि ते मरेपर्यंत त्यांना तसंच वाटू दिलं.