अकरा वाजताची नोंद

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — कारण तुम्ही मला ओळखत नाही. बिबवेवाडीत मला ओळखणारे सगळे मला फार सज्जन समजतात.

पुण्याबाहेरच्या टेकडीवर आमचं टीव्हीचं छोटं सहक्षेपण केंद्र होतं. मोठ्या केंद्राचे कार्यक्रम पकडायचे आणि आसपासच्या घरांना पुढे पाठवायचे, एवढंच काम. दर तासाला मीटरचे आकडे नोंदवहीत लिहायचे. पण दर तासाला उठतो कोण? आम्ही पुढच्या दोन-तीन तासांचे आकडे आधीच भरून ठेवायचो. शेवटी शेवटी तर ते चॅनेल बघत तरी कोण होतं?

मग केंद्र बंद करायचा आदेश आला. त्या दिवशी ड्युटीवर मी एकटाच. वहीत लिहिलं — ‘अकरा वाजता ट्रान्समीटर बंद केला.’ सही ठोकली. घड्याळात साडेदहा वाजले होते. वही बाहेरच्या टेबलावर ठेवली, आतल्या खोलीची किल्ली खिशात टाकली आणि फाटकापलीकडे चहाला गेलो. अकराला परतणार होतोच ना? पण टपरीवर गप्पा रंगल्या.

सव्वाअकराला अँटेना उतरवायला अशोकराव आले. मनोऱ्यावर चढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ट्रान्समीटर चालू असताना अँटेनाला हात लागला तर भाजतं, म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी आधी वही वाचली — आणि चढले.

मी परतलो तेव्हा ते मनोऱ्याखाली पडले होते. हलत नव्हते. आतल्या खोलीत ट्रान्समीटर घरघरत होता. आजही घरातला फ्रिज घरघरला की मी उठून त्याचं बटण बंद करतो.

कसं सांगू — मी आधी आत गेलो. कुलूप उघडलं, बटण खाली केलं. काटा शून्यावर येईपर्यंत थांबलो. मग त्यांच्याकडे धावलो.

चौकशीत म्हणालो, चक्कर आली असावी. तळहाताची जखम? पडताना घासलं असेल. वही माझ्या बाजूने होतीच.

अशोकराव आता विश्रांतवाडीला असतात, अंथरुणावर. कमरेखाली काही हलत नाही. मी दर महिन्याला जातो. त्यांची बायको म्हणते, इतकं सख्खा भाऊसुद्धा करत नाही.

गेल्या रविवारी ते म्हणाले, “साहेब, वर हाताला चटका बसला होता हो. स्पष्ट आठवतंय. पण वहीत बंद लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. म्हणजे माझ्याच मनाचे खेळ, नाही का?”

उजवा तळहात त्यांनी माझ्यासमोर धरला होता. मधोमध तो जुना, पांढरा डाग. मी तो नीट पाहिला.

आणि “हो” म्हणालो.