चित्राचा वर्ग

चित्रा सहावीच्या वर्गात प्रश्न विचारायची आणि मग गप्प उभी राहायची. हात मागे बांधलेले, नजर मुलांवर. आम्ही बाकीचे शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच सांगून टाकतो, कारण पोर्शन संपवायचा असतो. ती मात्र कुणीतरी बोलेपर्यंत जागची हलायची नाही. शाळेचा समन्वयक म्हणून मी पहिल्यांदा तिचा तास पाहायला बसलो, तेव्हा त्या शांततेने मलाच घाम फुटला. वाटलं, पोरगी पुढचं विसरली. मी काही बोलणार, इतक्यात ती माझ्याकडे बघून म्हणाली, “स्वल्प थांबा अण्णा. येतंय.”

ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी कुठे जातं, असा प्रश्न होता. बऱ्याच वेळाने खिडकीजवळची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “जात नाही मिस. दिसायचं थांबतं.” इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

चित्राच्या वडिलांचं बेंगळुरूच्या शिवाजीनगरात गणवेश शिवायचं दुकान. घरात पिढ्यान्‌पिढ्या इथलीच मराठी, कन्नड कालवलेली. माझे वडील इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले, म्हणून मी इथला. शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. चारचौघांत ती मला सर म्हणायची, एरवी अण्णा. स्टाफरूममध्ये तिला ‘स्टॅच्यू मिस’ हे नाव पडलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. कुणी तसं म्हणालं की ती डबा उघडत म्हणायची, “पुतळ्याला पण भूक लागते.”

आमच्या शाळेत प्रत्येक वर्गात कॅमेरा आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत चित्र दिसतं, आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे विचार करणारं मूल आणि रिकामं बसलेलं मूल तिथे सारखंच दिसतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, ही बाई शिकवते कधी? पालकांच्याही तक्रारी होत्या, मिस नुसत्या उभ्या असतात. तिला समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला म्हणालो, निदान त्या वेळात फळ्यावर काहीतरी लिहीत राहा, बरं दिसेल.

“मग मुलं फळ्याकडे बघतील ना अण्णा.”

तरी मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिलो. तिने काही दिवस करूनही पाहिलं. तिचे तास आमच्यासारखे होऊ लागले. तक्रारी थांबल्या आणि ती आजारी दिसायला लागली.

तिच्या नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. एका दुपारी तिने मला सांगितलं, की एक शाळा आणखी बघते, तिथेही हेच असेल तर शिकवणं सोडते. थोरल्या बहिणीच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत जागा होती, ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची. मी घाबरलो. मला आयुष्यात एक खरी शिक्षिका दिसली होती आणि ती माझ्यासमोर निघून चालली होती. शहराबाहेर आनेकलच्या एका शाळेत माझी बी.एड.ची मैत्रीण मुख्याध्यापिका होती. मी तिला गळ घातली. डेमोचा तास ठरला. चित्रा म्हणाली, “तुम्ही मागे बसा. तेवढाच धीर.”

आनेकलच्या त्या वर्गात तिने टेबलावर बर्फाच्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला. थोड्या वेळाने पेल्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमले. हे पाणी कुठून आलं, असं विचारून ती थांबली. कुणी म्हणालं, पेला गळतोय. ती नुसतीच हसली. माझ्या पुढ्यात बसलेली एक मुलगी उठून टेबलापाशी गेली, पेला स्कर्टला पुसला, पुन्हा थेंब येतात का ते बघत राहिली, मग कपाळाला आठ्या घालून जागेवर परत आली. वर्ग शांत. मुख्याध्यापिकेने घड्याळाकडे पाहिलं. तिच्या शेजारी बसलेल्या शिक्षिकेने पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, गेली नोकरी. मी पुढे वाकलो आणि त्या मुलीच्या कानाशी कन्नडमध्ये कुजबुजलो, “हवेतून.”

मुलगी उभी राहून म्हणाली, “हवेतून, मिस.” मुख्याध्यापिका खूश झाली. आमच्या मुलांकडून इतक्या पटकन उत्तर कुणी काढलं नव्हतं म्हणाली, आणि तिथेच नोकरी देऊ केली.

परतीच्या बसमध्ये अत्तिबेले गाव मागे पडल्यावर चित्राने विचारलं, “तुम्ही सांगितलंत?”

मी हो म्हणालो.

“तिला येत होतं अण्णा. ती पेला पुसून बघत होती.”

मी तिची समजूत घालत राहिलो. झालं ते विसर, नोकरी तर मिळाली, एका पेल्यावरून कुणी शिक्षणक्षेत्र सोडतं का? “पेल्यावरून नाही,” ती म्हणाली. “त्या मॅडम किती खूश झाल्या, त्यावरून. आणि तुम्हालाच थांबता आलं नाही, तर आणखी कुणाला येईल?” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

सत्र संपल्यावर तिने शाळा सोडली. आनेकललाही गेली नाही.

परवा मी तिला तिच्या कंपनीबाहेर मुद्दाम गाठलं. आमच्याकडे विज्ञानाची जागा रिकामी झाली होती. परत ये, मुख्याध्यापकांशी मी भांडेन, असं बरंच काही ठरवून गेलो होतो. गळ्यात ओळखपत्र, चेहरा थोडा भरलेला. तिने मला चहा पाजला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवून नाही म्हणाली. इथे संध्याकाळी घरी गेलं की काही आठवत नाही, तेच बरं वाटतं, म्हणाली. मग तिने विचारलं, “तुमची नोकरीची अजून किती वर्षं राहिली अण्णा?”

मी सांगितलं.

“अय्यो,” ती म्हणाली, “कशी काढणार हो तुम्ही?” आणि तिने माझ्या दंडावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा.