राखलेला गळा

पंचवटीच्या भाजीबाजारात मी ज्या मावशींकडून मेथी घेतो, त्यांच्याशेजारी यंदा उन्हाळ्यात एक तरुण मुलगी बसू लागली. भर उकाड्यात गळ्याला मफलर आणि हाताशी कोमट पाण्याची बाटली. ती जुड्या बांधायची, पिशवीत भरून द्यायची, पण भाव विचारला की नुसती बोटं दाखवायची. मला वाटलं, मुकी असावी.

"माझी लेक हाय," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "जर्मनीत ऑपेरात गाती. एवढाली थेटरं, पण माईक लावत नाय. आता गेली की पहिल्यांदाच मेन काम करणारे. तवर बाजारात वरडायचं नाय, असं मीच सांगितलंय."

आजूबाजूचे सगळे ओरडत होते आणि गिऱ्हाईक तिकडेच वळत होतं. मी मुलीला म्हणालो, "तुम्ही एक हाक दिलीत तर सगळा बाजार इकडे येईल."

ती खाली मान घालून जुडी बांधत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आईचा आवाज माझ्याहूनही वर चढायचा, असं आजी सांगायची. मी तो ऐकला नाही. मी जन्मले तोवर बाजारात हाका मारून मारून तो बसला होता."

मी पिशवी उचलली. मागे मावशी पुन्हा ओरडू लागल्या, "मेथी घ्या, मेथी." दुसऱ्या शब्दाला आवाज फाटत होता. वळून पाहिलं, तर प्रत्येक हाकेबरोबर मुलीचे ओठ हलत होते, आवाज न करता.