भाचीची चौथी मुलाखत

माझ्या भाचीला हाडांची डॉक्टर व्हायचं होतं. डॉक्टर ती होतीच. आमच्या हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डात ती नऊ वर्षं मेडिकल ऑफिसर होती. पण त्या विषयाचं पुढचं शिक्षण घ्यायचं तर मुलाखत देऊन जागा मिळवावी लागते, आणि मुलाखतीला चारदाच बसता येतं. तीनदा ती बसून आली होती. मी सांगतोय ते चौथ्या वेळेबद्दल. मला लिहायची सवय नाही. आयुष्य प्लास्टर रूममध्ये गेलं आणि तिथे रोग्यामागे रजिस्टरात एक ओळ लिहिली की भागायचं. तेव्हा कुठे पाल्हाळ झालं तर वाचणाऱ्याने सोडून द्यावं.

ती सहा वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि माझी मोठी बहीण तिला घेऊन माझ्याकडे आली. माझं लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे घरात जागा होती. शाळेला सुट्टी असली की ही माझ्याबरोबर प्लास्टर रूममध्ये यायची आणि उरलेल्या बँडेजने खुर्च्यांचे पाय बांधत बसायची. पुढे डॉक्टर होऊन त्याच वॉर्डात आली, आणि सगळ्यांसमोर मला मामाच म्हणत राहिली. तिच्यामुळे मी नर्सेसचा, सफाईवाल्यांचा, रोग्यांचाही मामा झालो.

कामात तिचा हात बसलेला होता. बोलणं मात्र कोरडं. पहिल्या मुलाखतीत ती घाबरली. दुसऱ्या वेळी बोर्डाने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? "इथेच, जागा दिलीत तर," असं ही सांगून आली. तिसऱ्या वेळी प्रत्येक उत्तर अर्ध्यावर असताना घंटा वाजली. प्रत्येक प्रश्नाला दोनच मिनिटं असतात.

"तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत," बहीण म्हणाली. "बापावर गेलीय."

म्हणून चौथ्या वेळी आम्ही रीतसर तयारी केली. दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत बोर्ड भरायचा. बोर्ड म्हणजे मी. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहिलेले असायचे, ते मी वाचायचो आणि दोन मिनिटं झाली की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचो. तिच्याबरोबर वॉर्डातला एक ज्युनियर डॉक्टरही यायचा. तो पहिल्यांदाच बसणार होता. शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नसायची आणि खुर्चीत असा बसायचा की आता कोणीतरी पाणी आणून देईल. नर्सेसनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. माझ्या बहिणीला तो फार आवडायचा. "बूटसुद्धा ओळीत काढतो," ती मला आत येऊन सांगायची, "नाहीतर तू!"

एका चिठ्ठीवर प्रश्न होता: तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. हा दरवर्षी असतोच म्हणे.

जावईबापू म्हणाला, "मी कामात इतका बुडतो की जेवायचंही विसरतो, ही माझी चूक आहे."

भाची हसायलाच लागली. "हे ऐकून बोर्ड झोपेल रे. खरं काहीतरी सांग."

"पण ताई, माझ्या हातून अजून तसं काही घडलंच नाही."

"घडेल. घाई करू नकोस."

मग तिने आपली चूक सांगितली. ती घडली तेव्हा मी तिथेच होतो.

चार वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक मुलगी भिंतीवरून पडून आली होती. कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली, हात सुजलेला. हाताला पूर्ण प्लास्टर झालं. तीन तासांनी मुलगी किंचाळायला लागली. भाचीने तिची बोटं हळूच सरळ करून पाहिली, तर पोर बाकावरून उडालीच. आत सूज वाढत होती आणि प्लास्टर तिला जागा देत नव्हतं. भाचीने मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते ऑपरेशनमध्ये होते. मी येईपर्यंत प्लास्टर कापू नका, हाडं सरकतील, असा त्यांचा निरोप आला. भाची एक तास थांबली. मग मला म्हणाली, "मामा, काप." मी कापलं. हात वाचला, पण दोन बोटं पुन्हा पूर्ण सरळ झाली नाहीत. "तो एक तास ही माझी चूक," ती सांगायची. "समोरचा हात मला दिसत होता आणि मी फोनवरच्या माणसाचं ऐकलं."

जावईबापू खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता. चमचा वाजवायचं मी विसरलो.

पण दर रविवारी सांगताना ती एका ठिकाणी अडखळायची. प्लास्टर झालं, असं म्हणायची आणि पुढची ओळ शोधायची. एकदा तिला मध्येच वॉर्डातून बोलावणं आलं. बहीण बाहेर गेली होती. जावईबापू माझ्यामागे स्वयंपाकघरात आला आणि कप विसळू लागला.

"मामा, ताई नेहमी त्याच जागी का अडते?"

मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला का सांगितलं, ते आजही नीट कळत नाही. कप विसळणाऱ्या माणसाची आपल्याकडे पाठच असते, त्यामुळे सोपं जात असावं.

ते प्लास्टर मी घातलं होतं. भाचीने मला सांगितलं होतं, हात सुजलाय, अर्धंच घाल. अर्धं म्हणजे खालून आधार आणि वरून नुसती पट्टी. मला वाटलं, पोर अवखळ आहे, अर्धं मोडून ठेवेल आणि उद्या पुन्हा दारात येईल. मी पूर्ण गोल घातलं. तीस वर्षांचा हात आहे, मला कळतं, असाही एक माज होता. मोठ्या डॉक्टरांनी नंतर विचारलं तेव्हा भाचीने केसपेपरवर लिहिलं, प्लास्टर मी घातले. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तिला ताकीद मिळाली. मला मामा म्हणणारे मामाच म्हणत राहिले.

जावईबापूने हात पुसले आणि माझ्या खांद्यावर ठेवले. "बरं झालं बोललात," तो म्हणाला. "मनावरचं ओझं उतरलं असेल." उतरलं होतं, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मुलाखतीच्या दिवशी त्याची वेळ सकाळची होती, हिची दुपारची. संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली आणि बहिणीने पुढे केलेलं पाणी उभ्यानेच प्यायली.

"काय झालं?" मी विचारलं.

"चुकीबद्दलचा तो प्रश्न आला. मी सांगायला लागले, तर बोर्डातल्या बाई म्हणाल्या, हे आम्ही आज सकाळी ऐकलं."

"म्हणजे?"

"त्याने सांगितली, मामा. मुलगी, भिंत, फोन, तो एक तास, सगळं. फक्त माझ्या जागी तो." तिने पेला खाली ठेवला. "मग अध्यक्षांनी विचारलं, प्लास्टर कोणी घातलं होतं?"

तिने ठेवलेला पेला मी उचलून हातात धरला.

"मी म्हटलं, मी घातलं. ते एकमेकांकडे बघायला लागले. म्हणाले, सकाळी तर ते प्लास्टर रूममधल्या म्हाताऱ्याने घातलं होतं, डॉक्टरांनी अर्धं सांगितलेलं असताना. पोरगी एक आणि प्लास्टर घालणारे दोन? बोर्डातले तिघंही हसले. तेवढ्यात घंटा झाली."

"मग खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"केसपेपरवर जे आहे तेच सांगितलं." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हातारा आणि अर्धं हे त्याला कुठून कळलं, मामा? मी तर कधी बोलले नाही."

तिने विचारलं तसं मी सांगितलं. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. भाची चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मला एकदा सांगायचंस तरी. मी दुसरी चूक सांगितली असती. चुकांना काय तोटा आहे?"

त्याला जागा मिळाली. तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला आणि बूट ओळीत काढले.

"ताई, मला वाटलं तुम्ही दुसरी सांगाल," तो म्हणाला. "आणि मामांनी स्वतः सांगितली म्हणजे... गोष्ट मलाही दिल्यासारखीच झाली ना?" त्याला खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलणारा माणूस इतका सरळ बघत नाही.

बहिणीने बॉक्स उचलून त्याच्या हातात परत दिला. "आमच्याकडे गोड चालत नाही," ती म्हणाली. मिळेल तेव्हा दोन चमचे साखरेची फक्की मारणारी बाई ती.

मी बोर्डाला पत्र लिहिलं. चारदा फाडलं, पाचव्यांदा जमलं. पाकीट बंद करायच्या आधी भाचीला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"यात तू म्हणतोस की केसपेपरवर मी खोटं लिहिलं."

"पण ते माझ्यासाठी लिहिलंस ना!"

"कोणासाठी ते विचारत नाहीत. हे पोचलं तर जागा मिळायची नाहीच, नोकरीही जाईल." तिने घडी घालून ते मला परत दिलं. "राहू दे आता."

राहू दिलं. तेवढं एकच काम मला नीट जमतं.

जावईबापू त्याच वॉर्डात शिकायला लागला. पहिल्याच दिवशी, सुजलेल्या हाताला गोल प्लास्टर घालू नये, हे त्याने नवीन मुलांना शिकवलं. भाची शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करत होती. आठ महिने तिने काढले आणि राजीनामा दिला. आता तिचा एका खोलीचा दवाखाना आहे. सर्दी, ताप, पोटदुखी. हात-पाय मोडलेला कोणी आला तर ती चिठ्ठी देऊन हॉस्पिटलात पाठवते.

गेल्या महिन्यात मी तिला विचारलं, हे सगळं लिहू का?

"लिही की," ती इंजेक्शनच्या बाटल्यांवरच्या तारखा बघत म्हणाली. "आता माझी कुठली मुलाखत राहिलीय?"

मग बाहेरच्या बाकावर खोकत बसलेल्या म्हाताऱ्याला तिने आत बोलावलं.